सिन्नरकडच्या धुळीच्या कच्च्या रस्त्यांवर चार-पाच जीप एकामागून एक नेतो. मागच्याला पुढची गाडी दिसावी म्हणून कोणते दिवे लावावेत?

आधी मागचा दिवा लावा. टपावरची मोठी लाइटबार नंतर बघा. धुळीत खरा धोका मागून धडक बसण्याचा असतो. चाकांनी उडवलेला धुरळा खाली सगळ्यात दाट असतो आणि कंपनीचे टेललाइट नेमके त्यातच बुडतात. म्हणून पिवळसर-नारिंगी एलईडी दिवा मागे, शक्य तितका उंच, रोलकेज (गाडी उलटली तर आतल्यांना वाचवणारा लोखंडी सांगाडा) किंवा कॅरिअरवर लावा. लाल-निळे फ्लॅशर नकोत, ते पोलीस आणि रुग्णवाहिकेचे.

टपावरचा पांढरा झोत धुळीच्या कणांवर आपटून थेट डोळ्यांत परत येतो आणि समोर पांढरी भिंत उभी राहते. त्यापेक्षा बंपरवर खाली, रुंद आणि आडव्या झोताचे फॉगलॅम्प कितीतरी बरे.

वायरिंग मात्र नीट करून घ्या, इथे काटकसर करू नका. बॅटरीजवळच फ्यूज, मोठ्या दिव्यांना रिले (जास्त करंट स्विचमधून न नेता दिवा चालू करणारा भाग), पत्र्यातून वायर जाते तिथे ती घासू नये म्हणून रबरी कडी, म्हणजे ग्रोमेट. १२ व्होल्टवर २० वॅटचा दिवा जेमतेम पावणेदोन अँपिअर घेतो, त्याला ३ अँपिअरचा फ्यूज पुरतो. दिवा आयपी६७ (धूळ-पाण्यापासून बचावाचा दर्जा) घ्या. धूळ आत शिरत नाही, आणि इगतपुरीच्या पावसातही टिकतो.

मागच्या दिव्याला स्वतंत्र स्विच हवाच. धूळ नसताना तो मागच्या ड्रायव्हरचे डोळे दिपवतो. डांबरी रस्ता लागला की बंद करा. आणि धुरळ्यात पुढच्या गाडीचा दिवा दिसेनासा झाला, तर थांबा.