फट नेमकी कुठे सोडायची?

प्रश्न : माझा मुलगा आठवीत आहे. चाचणीत आवडत्या खेळांचा स्तंभालेख (बार ग्राफ) काढताना त्याने सगळे स्तंभ चिकटवले, गुण गेले. पुढच्या चाचणीत उंचीच्या आयतालेखात (हिस्टोग्राममध्ये) त्याने आठवणीने फटी सोडल्या, तर तिथेही गुण गेले! आता तो म्हणतो, फट सोडायची की नाही हे सरांच्या मनावर आहे. मलाही त्याला नीट समजावता आलं नाही.

उत्तर : त्याचं वैतागणं अगदी रास्त आहे. शिकवायला लागले तेव्हा मीही फळ्यावर एवढंच लिहून द्यायचे : स्तंभालेखात फट, आयतालेखात फट नाही. मुलं पाठ करायची, परीक्षेपुरतं भागायचं. एकदा उंचीच्या आयतालेखात मधल्या एका वर्गाची वारंवारता, म्हणजे त्यात मोडणाऱ्या मुलांची संख्या, शून्य आली. (वर्ग म्हणजे इथे १४०-१४५ सारखा गट, शाळेतला वर्ग नव्हे. मराठीत हा घोळ कायमचाच.) तिथे स्तंभ नाही, नुसती मोकळी जागा. मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, हा आता स्तंभालेख झाला का?" नव्हता झाला. माझं सूत्र मात्र त्या दिवशी निकालात निघालं.

तेव्हापासून मी मुलांना आधी आडव्या अक्षाकडे बघायला सांगते. तिथे फुटबॉल, बुद्धिबळ, पोहणे अशी नावं असतील तर स्तंभांची जागा कशीही बदला, काही बिघडत नाही. मी पुठ्ठ्याच्या पट्ट्या कापून मुलांना चक्क पत्त्यांसारख्या पिसायला द्यायचे. फुटबॉल आणि बुद्धिबळ यांच्या मध्ये काही नसतंच, म्हणून फट. स्कॉटिश अभियंता आणि अर्थशास्त्रज्ञ विल्यम प्लेफेअर यांनी १७८६ मध्ये स्कॉटलंडच्या आयात-निर्यातीचा स्तंभालेख छापला, तो याच जातीचा. आकडे एकाच वर्षाचे होते, त्यामुळे वर्षागणिक चढउतार दाखवणं शक्य नव्हतं. मग त्यांनी ज्या १७ ठिकाणांशी व्यापार चालायचा, त्यांचे स्तंभ काढले.

आता उंची घ्या. ४० मुलं. १३०-१३५ सेंमीमध्ये ३, १३५-१४० मध्ये ९, १४०-१४५ मध्ये १४, १४५-१५० मध्ये १० आणि १५०-१५५ मध्ये ४. या पट्ट्या पिसून बघा, लगेच खटकेल. खाली संख्यारेषा आहे आणि १४५ ला एक वर्ग संपतो तिथेच दुसरा सुरू होतो. फट सोडली तर त्या फटीत कोणती उंची बसवणार? बरोबर १४५ सेंमीचा मुलगा वरच्या, म्हणजे १४५-१५० या वर्गात मोजायचा.

खरी गंमत पुढे आहे, आणि शाळेत बहुतेक वेळा सगळे वर्ग सारख्या रुंदीचे असल्यामुळे ती निसटते. शेवटचे दोन वर्ग एकत्र करून १४५-१५५ असा एकच केला, तर त्यात १४ मुलं. १४०-१४५ मध्येही १४च. दोन्ही आयत १४ उंचीचे काढले, तर नवा आयत दुप्पट रुंद असल्याने तिथे दुप्पट मुलं आहेत असं वाटतं. म्हणून त्याची उंची ७ घ्यायची, म्हणजे दर ५ सेंमीला सरासरी ७ मुलं. आयतालेखात मुलांची संख्या क्षेत्रफळ सांगतं. 'आयत' हा शब्द नावात उगाच नाही. स्तंभालेखात रुंदीला असा काही अर्थ नसतो, फक्त सगळे स्तंभ सारखे रुंद ठेवायचे.

आणखी एका ठिकाणी मुलगा अडेल, तेही सांगून ठेवते. गुणांचे वर्ग १०-१९, २०-२९ असे दिले असतील तर १९ आणि २० मध्ये १ चं अंतर उरतं. ते निम्मं निम्मं वाटून ९.५-१९.५, १९.५-२९.५ असे सलग वर्ग करून घ्यायचे. मग आयत आपसूकच एकमेकांना टेकतात, ओढूनताणून चिकटवावे लागत नाहीत.