घर-बांधकाम : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या विद्यापीठाच्या बांधकाम समितीवर मी आहे. पठारावर, समुद्राच्या वाऱ्यात, दोनशे मुलींसाठी चार मजली वसतिगृह बांधायचंय. कंत्राटदार म्हणतो, प्रीकास्ट करा, म्हणजे काँक्रीटच्या भिंती कारखान्यातून तयार येतील, निम्म्या वेळात इमारत उभी. समितीतले ज्येष्ठ म्हणतात, गोव्याच्या पावसात ती गळणारच, जांभ्या दगडाचे चिरेच बरे. काय करावं?
– एक प्राध्यापिका, पणजी

उत्तर : ताई, मी चिऱ्याच्या घरात वाढलो, तरी या बाबतीत मी कंत्राटदाराच्या बाजूचा. वसतिगृह म्हणजे एकाच मापाच्या शंभर खोल्या. लोखंडी साचा एकदा केला की त्यातून तीच भिंत पुन्हा पुन्हा निघते आणि साच्याचा खर्च वसूल होतो. बंगल्याला हे परवडत नाही. शिवाय मृग लागल्यावर साइटवर चिखल झाला तरी शेडखाली ओतकाम थांबत नाही. ‘निम्मा वेळ’ मात्र लेखी घ्या. पाया, सेप्टिक टाकी, गटारं जागेवरच होतात. तिथे कारखान्याचा वेग चालत नाही.

आता गळती. कारखान्यातलं काँक्रीट घट्ट असतं, त्यातून सहसा पाणी येत नाही. येतं ते दोन पॅनेलांच्या, म्हणजे तयार भिंतींच्या, जोडातून. तेव्हा कंत्राटदाराकडे भिंतीचं नव्हे, जोडाचं ड्रॉइंग मागा. आडव्या जोडात खालच्या पॅनेलची आतली कड उंच हवी, म्हणजे वाऱ्याने घुसलेलं पाणी आत न येता बाहेरच उतरेल. नुसतं बाहेरून सीलंट, म्हणजे फट बुजवणारा लवचिक लेप, भरून भागत नाही. उन्हापावसात ते काही वर्षांत तडकतं आणि मग बदलायला परांची बांधावी लागते. तो खर्च आजच हिशेबात धरा.

जोडाचा दुसरा प्रश्न जिवाचा आहे. लंडनमधली रोनन पॉइंट ही 22 मजली इमारत अशाच पॅनेलांची. 16 मे 1968 रोजी अठराव्या मजल्यावर गॅसचा स्फोट झाला, एक भिंत बाहेर फेकली गेली आणि इमारतीचा अख्खा कोपरा वरून खालपर्यंत कोसळला. चार माणसं गेली. एक भिंत निघाली तरी वरचा भार दुसरीकडून उतरला पाहिजे. त्यासाठी पॅनेलांच्या सळया एकमेकींत अडकवून जोड ग्राऊटने, म्हणजे सिमेंटच्या पातळ मिश्रणाने, पूर्ण भरावे लागतात. ग्राऊट भरताना तुमचा स्वतःचा इंजिनिअर तिथे उभा हवा, कंत्राटदाराचा नव्हे. धो धो पावसात तर हे काम होऊच देऊ नका.

खाऱ्या हवेसाठी आयएस 456 या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे काँक्रीट किमान एम-30 ताकदीचं आणि सळ्यांवर साधारण 45 मिलिमीटरचं कव्हर, म्हणजे काँक्रीटचा थर, बघा.

पॅनेल येणार कुठून, हेही विचारा. तीन मीटर लांब-उंच आणि 15 सेंटिमीटर जाड भिंत जवळजवळ साडेतीन टनांची होते. ती उभी ठेवून घाटातून आणायची, मग गावातल्या वळणांवरून आणि लोंबत्या विजेच्या तारांखालून. जागा असेल तर साइटवरच शेड घालून ओतणं मला बरं वाटतं.

वायफायची वायर, एसी, गीझर यांच्या जागा साचा बंद व्हायच्या आत कागदावर ठरवा. समित्यांना हेच जमत नाही. नंतर ग्राइंडर लावला की सळी कापली जाते. आणि तुमच्या ज्येष्ठांचं एक म्हणणं खरं आहे : चिऱ्याची जाड भिंत दुपारचं ऊन पेलते, काँक्रीटची पातळ भिंत तापते. पश्चिमेला खोल छज्जे आणि गच्चीवर उतरतं छप्पर घ्याच.

प्रश्न : मुलीच्या वसतिगृहाची भिंत प्रीकास्ट आहे. कॅलेंडरसाठी खिळा ठोकला तर वाकतो. हातोडा मोठा घ्यावा का?
– एक पालक, म्हापसा

उत्तर : नको. हॅमर ड्रिलने छोटं भोक, त्यात प्लॅस्टिकचा गट्टू आणि स्क्रू. पण आधी वॉर्डनला विचारा. भिंतीत विजेचा पाइप कुठून गेलाय हे त्यांच्याकडच्या नकाशात असायला हवं. नसेल तर चिकटणारा हुक घ्या.