जुन्या येझदीची टाकी गंजून पाझरते आहे. वेल्डिंग करून घेऊ की नवी टाकी बसवू?

तुमचा प्रश्न असा आहे: बाबांची येझदी रोडकिंग मोटारसायकल रत्नागिरीच्या घरी बरीच वर्षं उभी होती. टाकी आतून लाल झाली आहे, बुडातून पेट्रोल पाझरतं आणि नाक्यावरचा वेल्डिंगवाला म्हणतो, 'धुऊन आणा, लगेच टाके मारून देतो.'

त्याच्याकडे टाकी नेऊ नका. बाकीचं सावकाश वाचलंत तरी चालेल, पण एवढं आत्ताच ठरवून टाका.

पेट्रोलची वाफ हवेत साधारण दीड ते साडेसात टक्के असली की ठिणगीने भडकते. भरलेल्या टाकीत वाफ इतकी दाट असते की जळायला हवा पुरत नाही. रिकामी टाकी मात्र नेमकी त्या दीड ते साडेसातच्या पट्ट्यात सापडते. त्यात तुमची गाडी टू-स्ट्रोक. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळूनच ते टाकीत भरलेलं असणार. उभ्या गाडीतलं पेट्रोल उडून जातं आणि मागे ऑइलचा व डिंकासारखा चिकट थर पत्र्याला धरून राहतो. साध्या धुण्याने तो जात नाही. टाकीला वास येत नाही म्हणून माणूस निर्धास्त होतो, ज्योत लागली की त्या थरातून पुन्हा वाफ निघते आणि टाकी फुटते. या कामात माणसं भाजली आहेत, जीव गेले आहेत.

आता दुरुस्तीकडे. मी जुन्या टू-स्ट्रोक गाड्यांच्या टाक्या दुरुस्त करतो, आणि माझं ठाम मत आहे की भोक बुजवणं हे या कामातलं शेवटून दुसरं काम आहे. तुम्हाला दिसतंय ते एक भोक. त्याच्या आजूबाजूला गंजाच्या खपल्यांनीच बुजलेली आणखी भोकं असतात. आधी भोक बुजवलं आणि मग गंज काढला, तर ती सगळी उघडी पडतात आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. म्हणून आधी चिकटा, मग गंज, मग भोक.

पेट्रोलचा कॉक आणि झाकण काढा. जुनं पेट्रोल उघड्यावर, विजेच्या बटणापासून आणि चुलीपासून लांब उतरवा. गटारात ओतू नका. मग कडक पाणी आणि धुण्याचा सोडा किंवा कपड्यांची पावडर घालून टाकी हलवत राहा. पाणी तेलकट यायचं थांबेपर्यंत हे परत परत करायचं. याचा कंटाळा केला तर पुढचं ॲसिड गंजापर्यंत पोचतच नाही, तेलावरून घसरून जातं.

मग टाकी काठोकाठ पाण्याने भरून वर्तमानपत्रावर ठेवा आणि कागद कुठे कुठे भिजतो ते बघा. येझदीसारख्या टाकीला फ्रेमवर बसण्यासाठी खालून मधोमध बोगद्यासारखी खोबण असते, त्यामुळे बुडाशी दोन वेगळे खळगे तयार होतात. कॉक ज्या बाजूला नसतो, त्या खळग्यातलं पाणी कधीच पूर्ण निघत नाही. टाकी तिथूनच सडते. त्या भागात स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने जरा जोराने दाबून बघा. पत्रा दबला किंवा टोक आत गेलं तर तेवढा भाग गेलेला समजा.

सापडलेल्या भोकांवर बाहेरून एम-सील लावा. ॲसिड भरल्यावर ते गळू नये एवढ्यापुरतंच त्याचं काम. पेट्रोल भरून रोज गाडी चालवायला त्यावर विसंबू नका.

आत मोठ्या खपल्या असतील तर हातभर लांबीची लोखंडी साखळी टाकून टाकी खळखळवा. वाळू-खडी घालू नका, तिची पूड कोपऱ्यात अडकून वर्षभर कार्बुरेटरमध्ये येत राहते. मग लिटरला साधारण ५० ग्रॅम या हिशोबाने सायट्रिक ॲसिड, म्हणजे किराणा दुकानात मिळतं ते लिंबूसत्त्व, कोमट पाण्यात विरघळवून टाकी भरून ठेवा. झाकण घट्ट लावू नका, आत वायू तयार होतो. रात्रभर ठेवून सकाळी टॉर्चने बघा, गंज उरला असेल तर लिंबूसत्त्वाचं नवं पाणी भरा. बाहेरच्या रंगावर ओघळ येऊ देऊ नका, डाग पडतात. संडास साफ करायचं ॲसिड अनेक जण सुचवतील. ते झरझर काम करतं हे खरं, पण गंज संपला की चांगला पत्राही खायला लागतं, आणि त्याच्या वाफेने आसपासची हत्यारंसुद्धा गंजतात.

यानंतरची घाई महत्त्वाची. ॲसिड ओतून टाकल्यावर खायचा सोडा घातलेल्या पाण्याने टाकी विसळा, मग साध्या पाण्याने, आणि लगेच गरम हवेने कोरडी करा. उघडा पडलेला पत्रा बघता बघता पुन्हा तांबूस होतो. पावसाळ्यात कोकणात तर हे काम काढूच नका. डिसेंबर-जानेवारीतलं कोरडं ऊन बघून करा.

आता भोकं मोजा. बारीक टाचणीएवढी दोन-चार असतील आणि भोवतालचा पत्रा टणक असेल, तर डाख, म्हणजे सोल्डरिंग, पुरतो. जुना रेडिएटर दुरुस्त करणारा कारागीर शोधा. तो तापवलेल्या सोल्डरिंग आयर्नने, ज्योत टाकीला न लावता डाख देतो. डाख द्यायची जागा वर येईल अशी टाकी धरायची, खाली शक्य तितकं पाणी भरून ठेवायचं आणि झाकण उघडं ठेवायचं. पत्रा हाताएवढ्या भागात सडला असेल तर तेवढा कापून त्याच जाडीचा नवा तुकडा जोडावा लागतो. ते ब्रेझिंगचं, म्हणजे पितळ वितळवून जोडण्याचं, काम आहे आणि टाक्यांचंच काम करणाऱ्याकडे द्यावं. 'आत काय भरून जोडता?' हे त्याला विचारा. पाणी, कार्बन डायऑक्साइड किंवा आरगॉन असं उत्तर आलं तर बोलणं पुढे न्या. 'काही लागत नाही' म्हणाला तर टाकी उचलून परत या.

जोड तपासताना साबणाचं पाणी लावून तोंडाने किंवा सायकलच्या पंपाने दोन-तीन पीएसआय हवा पुरते. कॉम्प्रेसर लावला की बोगदा फुगतो आणि टाकी फ्रेमवर बसत नाही.

आतून एपॉक्सीचा लेप द्यावा का, हे पुढे विचारालच. पत्रा धड असेल, चिकटा-गंज पूर्ण निघाला असेल आणि लेपाच्या डब्यावर इथेनॉलला टिकतो असं स्पष्ट लिहिलं असेल, तर द्या. यातलं एक जरी कमी असेल तर लेप पापुद्र्यांनी सुटतो, कॉकची जाळी बंद करतो, आणि तो खरवडून काढणं गंज काढण्यापेक्षा अवघड जातं. लेप द्यायचा नसेल तर टाकी कोरडी झाल्याबरोबर थोडं टू-टी (टू-स्ट्रोक गाड्यांचं) ऑइल आत सगळीकडे फिरवून घ्या.

पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. ती फार झाली की इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून वेगळं होतं आणि बुडाशी, त्याच सडक्या खळग्यात जाऊन बसतं. म्हणून या गाडीला पेट्रोल भरून महिनोन्‌महिने उभी ठेवणं मानवणार नाही. एक तर चालवत राहा, नाहीतर टाकी रिकामी आणि ऑइल फिरवलेली ठेवा. कॉकचे वॉशर, झाकणाचा बूच आणि पेट्रोलची नळी नवी घाला, जुनं रबर या पेट्रोलने लिबलिबीत होतं. झाकणाचं हवेचं बारीक भोक मोकळं आहे ना तेही बघा. ते बुजलं की गाडी काही अंतर जाऊन बंद पडते आणि माणूस उगाच कार्बुरेटर खोलत बसतो.

राहिला नव्या टाकीचा प्रश्न. येझदी बनवणारा म्हैसूरचा आयडियल जावाचा कारखाना १९९६ मध्ये बंद झाला, त्यामुळे 'नवी ओरिजिनल' म्हणून दाखवतील ती फार तर जुन्या साठ्यातली असेल, बहुधा नक्कलच. २०२२ मध्ये बाजारात आलेल्या नव्या येझदीची टाकी यावर बसत नाही. नकलेचा पत्रा पुष्कळदा पातळ असतो आणि बोगदा फ्रेमला नीट जुळत नाही. पुण्यात नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानांत गेलात तर गाडीची जुनी टाकी सोबत न्या आणि दोन्ही उलट्या ठेवून बोगदा, कॉकची आटी आणि मागची पकड ताडून बघा. माझ्या मते बुडाचा निम्म्याहून जास्त पत्रा गेला असेल किंवा वरच्या-खालच्या भागाची शिवणच सडली असेल, तरच नवी घ्यावी. एरवी बाबांची टाकी वाचवा.

रंगकाम मात्र सगळ्यात शेवटी, पेट्रोल भरून चार दिवस एक थेंबही गळला नाही याची खात्री झाल्यावर. आणि रंग बदलायचा विचार असेल तर आधी आरसी बुक बघा, त्यावर गाडीच्या रंगाची नोंद असते.