इंटरनेट टेलिफोनीच्या सॉफ्टवेअरवर धंदा उभा राहतो का?

तुम्ही विचारलंय की ऐरोलीच्या कंपनीत ४ वर्षं एस्टरिस्कवर (ऑफिसची फोन सिस्टीम कॉम्प्युटरवर चालवणारं फुकट सॉफ्टवेअर) काम केलंय, आता नोकरी सोडून स्वतःचं पीबीएक्स (ऑफिसचे फोन एकमेकांना आणि बाहेरच्या लाइनींना जोडणारी यंत्रणा) सॉफ्टवेअर बनवून विकायचंय, तर घर चालेल एवढं सुटेल का. सुटेल. पण सॉफ्टवेअर विकून नाही, आणि हे मला कळायला पहिली दोन वर्षं गेली म्हणून जरा सविस्तर लिहितो. वागळे इस्टेटला गाळा आहे, ९ वर्षं हेच करतोय, आम्ही पाच जण आहोत आणि पगार वेळेवर होतात.

ज्या एस्टरिस्कवर तुमचा हात बसलाय त्याचंच बघा ना. मार्क स्पेन्सर अमेरिकेत अलाबामात लिनक्स सपोर्टची छोटी कंपनी चालवत होता, फोन सिस्टीम घ्यायला पैसे नव्हते म्हणून १९९९ मध्ये त्याने स्वतःच लिहिली आणि सगळ्यांना फुकट दिली. पुढे त्याच कंपनीचं नाव डिजियम झालं, आणि पैसा आला तो टेलिफोनच्या लाइनी कॉम्प्युटरला जोडायच्या कार्डांतून आणि सपोर्टमधून. २०१८ मध्ये ती सँगोमाने विकत घेतली. म्हणजे ज्याने बनवलं त्यानेच मूळ सॉफ्टवेअर फुकट ठेवलं, मग आपण त्यावर एक वेब पॅनल चढवून लायसन्सचे पैसे कोणाकडून घेणार? फ्रीपीबीएक्स, फ्रीस्विच अशी तयार सॉफ्टवेअरं फुकट डाउनलोड करता येतात, जरा जाणकार मुलगा एका दुपारीत एक्स्टेन्शन (ऑफिसातले आतले फोन नंबर) चालू करून देतो. आम्ही पहिली दोन वर्षं पॅनल सुंदर करत बसलो आणि गिऱ्हाईक एकच विचारायचं, फुकट मिळतं ते आणि तुमचं यात फरक काय. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

उत्तर मिळालं वाशीच्या एपीएमसीत. फळ मार्केटमधले एक व्यापारी, हापूसच्या सीझनमध्ये रात्रभर फोन, किरकोळवाले फोनवरच ऑर्डर सांगतात आणि सकाळी टेम्पो लागला की वाद, मी ४० नाही ३० पेट्या सांगितल्या होत्या. त्यांना आयव्हीआर ('मराठीसाठी १ दाबा' सांगणारा आवाज) नको होता, डॅशबोर्ड नको होता, त्यांना फक्त नंबर टाकला की रात्रीचा तो कॉल लगेच ऐकता यायला हवा होता, तेही मोबाईलवर, गाळ्यावर उभ्या उभ्या. आम्ही तेवढंच केलं. कॉलच्या सुरुवातीला रेकॉर्डिंग होतंय ही सूचना मराठी आणि हिंदीत टाकली (ही टाकाच, लपून रेकॉर्डिंग करून देऊ नका), गिऱ्हाइकाच्या नावासमोर पेट्यांचा आकडा लिहायची जागा दिली, झालं. त्या शेठनी दर महिन्याचे पैसे कधी थकवले नाहीत आणि त्यांच्याच ओळीतले अजून सहा गाळे मिळाले, एकही जाहिरात न करता. प्रोग्रामिंग म्हणाल तर दहा दिवसांचं काम, पण ते करायला मी आठवडाभर पहाटे ३ वाजता मार्केटला जाऊन उभा होतो.

म्हणून माझं कळकळीचं सांगणं, सगळ्यांसाठी पीबीएक्स बनवू नका. एक धंदा धरा. पॅथॉलॉजी लॅब धरा, ट्रान्सपोर्टवाले धरा, पतपेढ्या धरा, घोडबंदर रोडच्या मोठ्या सोसायट्या धरा, आणि त्यांचा फोन वाजल्यावर पुढे काय काय होतं, कोण चिडतं, कुठे पैसा बुडतो हे जाऊन बघा, मग कोड लिहा.

पैशाचं म्हणाल तर एकरकमी कधीच घेऊ नका. मी सुरुवातीला ४० हजारात सिस्टीम लावून द्यायचो आणि मग दोन वर्षं रात्री-बेरात्री फुकट फोन उचलायचो. आता लावायचे थोडे आणि मग दर महिन्याला, एक्स्टेन्शनमागे. गिऱ्हाईक कुरकुर करतं, पण फोन बंद पडला की तासात माणूस येतो हे एकदा बघितलं की करत नाही. खरं उत्पन्न हेच आहे.

आता फोन बंद पडतो कशाने. गिऱ्हाईक म्हणणार नेट स्लो आहे. जी.७११ वर (आवाज नेटवरून पाठवायची नेहमीची पद्धत) एका कॉलला एका दिशेला साधारण ८७ केबीपीएस लागतात, दहा कॉल असले तरी १ एमबीपीएसच्या आतच, तेव्हा स्पीड सहसा गुन्हेगार नसतो. पॅकेट कधी लवकर कधी उशिरा येतात म्हणून आवाज तुटतो, आणि एकाच बाजूचा आवाज येत असेल तर नॅट (राउटर आतले पत्ते बाहेरच्या पत्त्यात बदलतो ते) नाहीतर राउटरमधलं एसआयपी एएलजी (इंटरनेट कॉलच्या पॅकेटमध्ये ढवळाढवळ करणारं सेटिंग) बघा, मी नवीन साइटवर पहिलं ते बंद करतो. स्वस्त राउटर गिऱ्हाइकाला आणू देऊ नका, तुमचाच लावा आणि त्याचे पैसे घ्या.

एक चूक माझ्याकडून झाली ती तुमच्याकडून होऊ नये. तुर्भ्याच्या एका गिऱ्हाइकाकडे एक्स्टेन्शन २०१, पासवर्डही २०१, टेस्टिंगला ठेवला आणि बदलायचा राहिला. शनिवारी रात्री कोणीतरी बाहेरून रजिस्टर झालं आणि सोमवारपर्यंत परदेशातल्या महागड्या नंबरांवर कॉल चालू. बिल अर्धं मी भरलं, ते भरायलाच हवं होतं. ५०६० पोर्ट (इंटरनेट कॉलचा नेहमीचा दरवाजा) इंटरनेटवर उघडा ठेवला की स्कॅन करणारे काही मिनिटांत पोचतात. तेव्हापासून लांब पासवर्ड, फेल-टू-बॅन (चुकीचे पासवर्ड मारणाऱ्याला आपोआप अडवणारं सॉफ्टवेअर), आयएसडी म्हणजे परदेशी कॉल बंद, आणि ट्रंकवर (ऑपरेटरकडून येणारी बाहेरची लाइन) रोजची मर्यादा याशिवाय आम्ही साइट चालू करत नाही.

आणि कायदा. तुम्ही सॉफ्टवेअर आणि सेवा विका, मिनिटं विकू नका. इंटरनेटवरचा कॉल साध्या फोन नंबरवर उतरवायचा तर ते काम लायसन्सवाल्या ऑपरेटरचं, एसआयपी ट्रंक (ऑपरेटरची इंटरनेटवरून येणारी लाइन) गिऱ्हाइकाच्या स्वतःच्या नावावर, त्याच्याच केवायसीवर घ्यायला लावा. परदेशी कॉल सिमबॉक्सवरून (बरीच सिमकार्डं लावून परदेशी कॉल लोकल म्हणून फिरवणारं यंत्र) उतरवून द्या, चांगला रेट देतो असं सांगणारे तुम्हालाही भेटतील, मला दोनदा भेटले, सरळ नाही म्हणा, तो फौजदारी मामला आहे. कॉल सेंटरवाल्यांसाठी नोव्हेंबर २०२० मध्ये सरकारने ओएसपीची (कॉल सेंटरसारख्या सेवांना दूरसंचार खात्याकडे करावी लागायची ती) नोंदणीच काढून टाकली तेव्हापासून छोट्यांना घरून काम करणारे एजंट जोडणं खूप सोपं झालंय, तिथे अजून भरपूर काम आहे. फक्त प्रमोशनचे कॉल करणारं गिऱ्हाईक असेल तर १४० ने सुरू होणारा नंबर आणि डीएलटीची (प्रमोशन करणाऱ्यांची ऑपरेटरकडची ऑनलाइन नोंदवही) नोंदणी आहे का ते आधी विचारा, नसेल तर ती झाल्याशिवाय डायलर (आपोआप नंबर फिरवणारं सॉफ्टवेअर) लावून देऊ नका.

राजीनामा आत्ताच देऊ नका. आधी शनिवार-रविवारी एकाच धंद्यातली तीन गिऱ्हाइकं महिन्याच्या पैशावर जोडा आणि सहा महिने सांभाळून बघा. कुठला धंदा धरताय ते खाली लिहा, लॅब किंवा ट्रान्सपोर्ट असेल तर आमच्याकडे काय चाललं आणि काय फसलं ते सांगतो.