जुनी लिव्हर-अ‍ॅक्शन रायफल घेताना काय बघावं?

तुम्ही विचारलंय की नुकतंच ग्रीन कार्ड मिळालंय, पेनसिल्व्हेनियात राहता, हरणाच्या शिकारीचा परवाना काढताय आणि ‘काउबॉयवाली’ जुनी विंचेस्टर, म्हणजे चापाखालचा लिव्हर खालीवर करून काडतूस भरायची रायफल, घ्यायची आहे, तर पारख कशी करावी.

घ्या की. फक्त चकचकीत दिसणारी घेऊ नका. ही अक्कल मला पैसे मोजून आली. माझी पहिली विंचेस्टर ९४ एका प्रदर्शनात घेतली, १९५० च्या आसपासची, पण काल कारखान्यातून निघाल्यासारखी काळीभोर. घरी उजेडात धरली तर नळीवरच्या अक्षरांच्या कडा गोलावलेल्या, स्क्रूच्या खाचा कुरतडलेल्या. कुणीतरी चाकावर घासून नवा मुलामा चढवला होता. संग्राहक अशीला हातही लावत नाहीत. नेम बरा लागतो म्हणून अजून ठेवली आहे, इतकंच.

तेव्हा आधी स्क्रू बघा. खाचा शाबूत असतील तर आतही सहसा कुणी खुडबुड केलेली नसते. जिथे हात धरून माणसं रानात हिंडली तिथला मुलामा उडून पोलाद करडं झालेलं असेल तर उत्तम, ती झीज खरी असते. स्कोपसाठी (नेमाच्या दुर्बिणीसाठी) मागाहून पाडलेली भोकं मात्र किंमत बरीच खाली आणतात. जुन्या ९४ ची रिकामी पुंगळी सरळ वर उडते, त्यामुळे स्कोप डोक्यावर बसत नाही. मग लोकांनी बाजूला भोकं पाडली. मार्लिन ३३६ ही दुसऱ्या कंपनीची लिव्हर-अ‍ॅक्शन, तिची पुंगळी बाजूने पडते, तिथे ही अडचण नाही.

‘जुनी म्हणजे दुर्मीळ’ असं विकणारा म्हणाला तर हसून सोडून द्या. १८९४ पासून २००६ पर्यंत ७० लाखांच्या वर ९४ निघाल्या. लोक १९६४ च्या आधीची शोधतात, कारण त्या वर्षी कंपनीने खर्च वाचवायला आतले काही भाग पत्र्यातून ठोकून काढायला सुरुवात केली.

नंतर नळीचं तोंड. विंचेस्टर मागून साफ करता येत नाही, सळई तोंडातूनच घालावी लागते. आधीच्या मालकाने पन्नास वर्षं ती वेडीवाकडी रेटली असेल तर तोंडाशीच नळीतले आटे (गोळीला फिरकी देणाऱ्या खाचा) झिजतात, आणि बाकी नळी आरशासारखी असूनही गोळ्या फाकतात. मार्लिनचा एक स्क्रू काढला की लिव्हर आणि बोल्ट (नळी मागून बंद करणारा तुकडा) बाहेर येतो, मग मागून साफ करा.

काडतुसांचंही बघा. ९४ काय किंवा मार्लिन काय, काडतुसं नळीखालच्या नळकांड्यात एकामागे एक बसतात. मागच्याचं टोक पुढच्याच्या टोपीवर, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या भागावर, टेकतं आणि धक्क्याने ती फुटू शकते, म्हणून टोकदार गोळ्या त्यात भरायच्या नाहीत, चपट्या नाकाच्याच घ्यायच्या. अलीकडे मऊ प्लॅस्टिकच्या टोकाच्या, खास यासाठी केलेल्या टोकदार गोळ्याही मिळतात. थर्टी-थर्टीची (या रायफलींच्या नेहमीच्या काडतुसाची) मजल तशी दीडशे यार्डांच्या आसपासच, पण इथल्या दाट झाडीत त्याहून लांबचं दिसतंय कुठे? या राज्यात हरणासाठी सेमी-ऑटोमॅटिक (पुढचं काडतूस आपोआप भरणारी) रायफल चालत नाही. घरोघरी माळ्यावर एखादी लिव्हर असते ती काही प्रमाणात त्यामुळेच.

माझं मन मात्र सॅव्हेज ९९ या तिसऱ्या लिव्हर-अ‍ॅक्शनवर आहे. जमैकात जन्मलेल्या आर्थर सॅव्हेज यांची ही रचना. काडतुसं फिरत्या चक्रीत बसतात, त्यामुळे टोकदार गोळी चालते. जुन्या ९९ ला डाव्या बाजूला बारीक खिडकी असते, आत किती काडतुसं उरली त्याचा आकडा तिथे दिसतो. हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी दुकानातच दोनदा लिव्हर खालीवर केली. घेताना दस्ता जिथे पोलादाला भिडतो तिथे नख फिरवा, लाकूड तिथेच तडकतं.

एक सवय आधीच लावून घ्या. जुन्या ९४ ला सुरक्षेचं बटण नसतं, असतो तो अर्धा चढवलेला घोडा. पूर्ण चढलेला घोडा अंगठ्याने धरून, चाप दाबून, हळूच अर्ध्यावर उतरवायचा. थंडीत बोटं बधिर झालेली असताना हे नेमकं निसटतं. घरी, काडतुसं पूर्ण काढून, नळी सुरक्षित दिशेला ठेवून, हातमोज्यांसकट शंभर वेळा करा. आणि शिकारीचा मोसम उघडण्याआधी रेंजवर जाऊन निदान एक डबा संपवा.

आणखी एक. नळीवर ‘.३०३ सॅव्हेज’ लिहिलेली ९९ स्वस्तात दिसली तर हुरळू नका. आपल्याकडच्या पोलिसांची थ्री-नॉट-थ्री ती ही नव्हे. .३०३ ब्रिटिश वेगळं काडतूस आहे, एकाचं दुसऱ्यात चालत नाही, आणि .३०३ सॅव्हेजची काडतुसं दुकानात सहसा मिळत नाहीत. त्याच रांगेत .३०० सॅव्हेज असेल तर ती उचला.