आधी लिव्हर, मग आतडं?

लेस्टरहून एका ताईंचं पत्र आलंय. "ह्यांना रेक्टमचा, म्हणजे मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागाचा कॅन्सर, लिव्हरमध्ये तीन गाठी. इथे म्हणतात आधी केमो, मग लिव्हर, खालचं ऑपरेशन शेवटी. पुण्याहून दीर रोज सांगतात, मूळ तसंच ठेवून फांद्या काय छाटताय? इकडे आणा, आठवड्यात मोकळे."

ताई, झोप उडाली असणार, कळतंय मला. पण मुळाफांद्यांचा हिशेब इथे चालत नाही. आतडं तुंबलं नसेल, रक्त फार जात नसेल, तर खालची गाठ थांबू शकते. जिवावर बेततं ते बहुधा लिव्हरचं. जिनिव्हाच्या सर्जन मेंथांनी 2006 मध्ये हाच उलटा क्रम मांडला होता. तुमचे डॉक्टर टाळाटाळ करत नाहीयेत.

मी विचारणार ते वेगळंच, आणि हे मी प्रत्येकाला विचारते: केमोचा पहिला डोस लागायच्या आधी लिव्हर सर्जननी स्कॅन बघितलाय का?

माझ्या न्यू जर्सीच्या धाकट्या भावाचा कुणी दाखवलाच नाही. केमो लागू पडतेय म्हणून डोसांवर डोस. वहिनी कालनिर्णयावर एकेक फुली मारायची. बाराव्या फुलीनंतर एक गाठ स्कॅनवर दिसेना. आम्ही पेढे वाटले! लिव्हर सर्जन मात्र गप्प बसले. दिसत नाही म्हणजे गेली असं नसतं, आणि कापायचं कुठे तेही कळत नाही. त्यात ऑक्झॅलिप्लॅटिन या केमोच्या औषधानं लिव्हर खराब झालेलं. निरोगी लिव्हर साधारण 20 टक्के उरलं तरी भागतं, खूप केमो झालेलं 30 टक्के तरी उरावं लागतं. त्याचं तेवढं उरत नव्हतं. मग लिव्हरला रक्त नेणारी एका बाजूची पोर्टल शीर बंद करून दुसरी बाजू वाढायची वाट बघितली. ते आठवडे मी विसरणार नाही.

म्हणून विचारा: किती डोसांनंतर पुन्हा स्कॅन? शेवटच्या डोसनंतर ऑपरेशन कधी? साधारण 4 ते 6 आठवडे थांबतात, लिव्हर सावरायला. ती वाट बघणं उपचारातच मोडतं, दिरांनाही सांगा.

आणि रागावू नका, पण "रिपोर्ट सगळ्या नातेवाइकांना पाठवले" लिहिलंत, कॅन्सर नर्सला एक फोन केल्याचं कुठे नाही. असं कसं चालेल?

सासूबाईंना सांगायचं का? सांगा, त्यांचा मुलगा आहे. लेकीची परीक्षा आहे म्हणता, ती तिला देऊ द्या.

नर्सचा नंबर अपॉइंटमेंटच्या पत्रावर असेल. उद्या सकाळी पहिलं काम तेच, आणि पहिला प्रश्न लिव्हर सर्जनचा.