अमेरिकेत महाभियोग होऊनही राष्ट्राध्यक्ष खुर्चीवर कसे राहतात? मग हे सगळं नाटकच ना?

नाटक नाही. महाभियोग म्हणजे बडतर्फी नव्हे, आरोपपत्र. प्रतिनिधीगृहाने, म्हणजे अमेरिकी संसदेच्या कनिष्ठ सभागृहाने, साध्या बहुमताने आरोप मंजूर केले की महाभियोग झाला. खटला पुढे सिनेटमध्ये, म्हणजे वरिष्ठ सभागृहात, चालतो आणि पदावरून काढायला तिथे हजर असलेल्यांपैकी दोन तृतीयांश मतं लागतात. अँड्र्यू जॉन्सन (१८६८), क्लिंटन (१९९८) आणि ट्रम्प (२०१९, २०२१), चारही वेळा ती पडली नाहीत. जॉन्सन तर एका मताने वाचले.

अट कडक आहे ती मुद्दाम. नाहीतर विरोधकांकडे बहुमत आलं की उठसूट राष्ट्राध्यक्ष बदलले असते. त्यामुळे सगळं येऊन अडतं ते राष्ट्राध्यक्षांच्या स्वतःच्या पक्षापाशी, आणि तिथे बहुतेकदा ‘आपला तो बाब्या’ हाच न्याय चालतो.

पण राष्ट्राध्यक्ष निक्सन यांचं प्रकरण बघा. जुलै १९७४ मध्ये प्रतिनिधीगृहाच्या न्यायिक समितीने तीन आरोप मंजूर केले, तेव्हा समितीतले त्यांच्याच पक्षाचे दहा रिपब्लिकन तिन्ही आरोपांच्या विरोधात होते. ५ ऑगस्टला निक्सन यांच्या कार्यालयातल्या संभाषणाची एक टेप बाहेर आली. वॉटरगेट इमारतीतल्या विरोधी डेमोक्रॅटिक पक्षाच्या कार्यालयात झालेल्या घरफोडीनंतर सहाच दिवसांनी, २३ जून १९७२ रोजी, एफबीआयचा तपास सीआयएकरवी थांबवायच्या बेताला निक्सन होकार देताना तिच्यात ऐकू येतात. त्या दहाही जणांनी पवित्रा बदलला. ७ ऑगस्टला बॅरी गोल्डवॉटर यांच्यासह पक्षाच्या तीन ज्येष्ठ नेत्यांनी व्हाइट हाउसमध्ये जाऊन निक्सन यांना सांगितलं की सिनेटमध्ये तुमचा निभाव लागणार नाही. ९ ऑगस्टला निक्सन पायउतार झाले. पूर्ण प्रतिनिधीगृहात महाभियोगावर मतदान होण्याची वेळच आली नाही.

माझ्या मते हे घडलं त्यामागे त्या खासदारांना वाटणारी आपापल्या मतदारांची धास्तीही होती. म्हणून ‘सगळे एकाच माळेचे मणी’ हे वाक्य ऐकलं की मला खरंच राग येतो. लोकांनी तसं ठरवून टाकलं की पाठीशी घालणाऱ्याला काहीच किंमत मोजावी लागत नाही, आणि कोणत्याही भ्रष्ट नेत्याला नेमकं तेच हवं असतं.

सुटका झाली एवढंच बघू नका, स्वपक्षातले किती जण विरोधात गेले तेही बघा. १९९९ मध्ये सिनेटमधल्या खटल्यात क्लिंटन यांच्या पक्षाचा एकही सिनेटर फुटला नाही. २०२० मध्ये, पहिल्या खटल्यात, ट्रम्प यांच्या विरोधात त्यांच्या पक्षातले एकटे मिट रॉम्नी गेले. २०२१ मध्ये सात रिपब्लिकन.